भाकरी मोडायचे चाळीस तास

मशीन सुरू झालं आणि माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आत वळलं. मी फिजिओकडे बघितलं. वाटलं, हिनंच ओढलं असणार. तर तिचे दोन्ही हात मशीनच्या बटणांवर.

“बाई, तुमचंच आहे ते,” ती म्हणाली. मी गणित शिकवते हे पहिल्या दिवशी कळल्यापासून ती मला बाई म्हणते.

चौदा महिने मी त्या बोटाला हाका मारत होते. उत्तर म्हणून कधी एखादी थरथर, बहुतेक वेळा तीही नाही. आणि आता दोन चिकट पॅडमधून आलेल्या करंटनं ते शहाण्या मुलासारखं वळलं. आनंद झाला असं लिहायला हवं, पण आधी राग आला. वर्गात बाईंना न जुमानणारी मुलं दारात मुख्याध्यापक दिसले की हाताची घडी घालून बसतात ना, तसलाच अपमान होता तो.

नोव्हेंबर २०२३. भाऊबीज करून माहेराहून कराडला परत येत होतो. हे गाडी चालवत होते. मी मागे एका अंगाला बसलेली, मांडीवर फराळाचा डबा आणि दोन्ही हात डब्याला. स्पीडब्रेकरवर पांढरे पट्टे नव्हते. गाडी उडाली, मी मागच्या मागे पडले. ह्यांना खरचटलंही नाही, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. पुढचं बरंचसं मला आठवत नाही, आणि जे आठवतं ते इथं कामाचं नाही. ऑपरेशन झालं, मानेत प्लेट बसली, कागदावर ‘सी-६, आसिया सी’ असं आलं. म्हणजे मज्जारज्जूला मार मानेत बसला, पण तो पुरता निकामी झालेला नाही. त्याखाली थोडी जाणीव, थोडी हालचाल शिल्लक आहे. माझं कोपर वाकतं, मनगट वर उचलतं. कोपर सरळ करायला निम्मी ताकद. बोटं नावापुरती.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “चालणार कधी?” हाताबद्दल कुणी विचारत नाही. २००४ साली अमेरिकेत अशा रुग्णांची एक मोठी पाहणी झाली होती. काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल, या प्रश्नाला मानेची दुखापत असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी हात असं उत्तर दिलं, चालणं नव्हे. मला त्याचं काडीचं नवल वाटलं नाही. खुर्चीला चाकं असतात. घासाला नसतात. चौदा महिने मला बहुतेक वेळा कुणीतरी भरवत होतं. आधी सासूबाई, मग मुलगी, कधी हे. भरवणाऱ्याचा वेग आपला नसतो. तोंडात घास असतानाच पुढचा घास समोर येऊन उभा राहतो, आणि भरवणाऱ्याला ‘थांब’ म्हणायला तोंड मोकळं नसतं.

विजेचा पहिला अनुभव मात्र सुरुवातीला सांगितलेला तो पुण्यातला नाही. त्याआधी घराजवळच्या एका दवाखान्यात महिनाभर ‘करंट’ घेतला होता. तिथं काळ्या रबराची पॅड होती, जेल लावून पट्ट्यानं बांधायची. एके दिवशी जेल वाळलेलं होतं. लावणारा मुलगा पट्टा आवळून निघून गेला. माझ्या हाताच्या अंगठ्याकडच्या बाजूला स्पर्श कळतो, करंगळीकडच्या बाजूला जवळजवळ नाही, आणि पॅड नेमकं त्याच बाजूला होतं. वीस मिनिटांनी पट्टा सोडला तेव्हा खाली दोन रुपयांच्या नाण्याएवढा पांढुरका डाग. भाजलं होतं. पॅड सगळीकडून सारखं टेकलेलं नसलं की सगळा करंट जिथं टेकलंय त्या टिचभर जागेतून आत जातो, हे मला नंतर कळलं. जखम भरायला दीड महिना लागला. त्यानंतर सासूबाईंनी ‘वीज’ हा शब्दच घरात बंद केला. लाइट गेली तरी म्हणायच्या, “ती गेली.”

त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या पुनर्वसन केंद्रात जायचं ठरलं तेव्हा घरात बराच वाद झाला. सिंहगड रोडला मावसबहिणीच्या घराजवळ तळमजल्यावर एक खोली मिळाली, उंबरा नसलेली. ह्यांनी दोन महिन्यांची बिनपगारी रजा काढली. सत्राला आठशे रुपये, आठवड्याला पाच सत्रं, आठ आठवडे. बत्तीस हजार, खोलीचं भाडं वेगळं.

चाळीसच का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. फिजिओनं सांगितलं, टोरांटोला मिलोश पोपोविच यांच्या गटानं २०११ साली असाच एक अभ्यास छापला होता. नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला हाताला करंट देत देत वस्तू पकडायचा सराव, रोज एक तास, असे चाळीस तास. नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्या लोकांची पकड जास्त सुधारली. “पण ते रुग्ण पहिल्या काही महिन्यांतले होते,” तिनं लगेच पुढचं वाक्य टाकलं. “तुम्हाला वर्ष उलटून गेलंय. मी आकडा तिथला घेतलाय, आशा तिथली घेऊ नका.” मला ती तिथंच आवडली.

पहिले दोन दिवस तिनं नुसता शोध घेतला. पेनासारखं एक टोक असतं, ते हातावर जागोजागी टेकवून बघायचं, कुठं कमीत कमी करंटला स्नायू उडतो. त्या जागेला ती मोटर पॉइंट म्हणते. जागा सापडली की निळ्या मार्करनं ठिपका. कोपराखाली आतल्या बाजूला बोटं मिटवणारे स्नायू, मागच्या बाजूला बोटं उघडणारे, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मऊ गादीवर एक. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना ठिपके दिसले. “गोंदण काढलं काय तिथं?” म्हणाल्या.

उजवा हात बरा निघाला. डावीकडच्या अंगठ्याच्या गादीवर मात्र करंट वाढवत वाढवत ती पस्तीस मिलिअँपिअरपर्यंत गेली. शेजारची बोटं उडाली, मनगट हललं, अंगठा ढिम्म. तिनं मशीन बंद केलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारल्यावर म्हणाली, “बोर्डाची लाइन तुटली तरी घरातलं वायरिंग शाबूत असेल तर इन्व्हर्टरवर पंखा फिरतो. वायरिंगच जळलं असेल तर इन्व्हर्टर काय करणार?” मज्जारज्जूत जिथं मार बसतो तिथल्या पेशी, ज्यांच्यापासून स्नायूकडे जाणारी नस निघते, त्याच मेल्या तर ती नसही वाळते. मग असल्या क्षणभराच्या झटक्यांना तो स्नायू दाद देत नाही. माराच्या खालच्या पातळीवरच्या नसा बहुधा जिवंत असतात, त्यांना फक्त वरून हुकूम येत नाही. हे मशीन त्यांच्यासाठी. म्हणजे डावा अंगठा हिशेबातून वजा. मला ही बातमी कुणी चौदा महिन्यांत दिली नव्हती. पाच मिनिटांची तपासणी होती.

त्याहून मोठा धडा तेलाचा. अपघातानंतर सासूबाई रोज रात्री माझ्या हातांना कोमट तिळाचं तेल लावायच्या. लावून झालं की मनगट मागे घेऊन एकेक बोट पार सरळ करायच्या, पंजा आशीर्वाद द्यायला उघडतात तसा. बोटं आखडू नयेत म्हणून. इतक्या मायेनं करायच्या की मला तो दिवसातला सगळ्यात चांगला वेळ वाटायचा. फिजिओनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

गोष्ट अशी आहे. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट वर उचललं की त्या आपोआप ताणल्या जातात आणि बोटं किंचित मिटतात. मनगट खाली सोडलं की बोटं उघडतात. तुमचाही हात सैल सोडून करून बघा, होतंय की नाही. ज्याचं मनगट चालतं आणि बोटं चालत नाहीत त्याच्यासाठी ही फुकटची पकड असते, टेनोडेसिस म्हणतात तिला. त्या दोऱ्या थोड्या आखूड असलेल्याच चांगल्या. मनगटही वर आणि बोटंही सरळ असं रोज ओढत राहिलं की दोऱ्या सैल पडतात आणि ती पकड जाते. बोटं सरळ करायचीच तर मनगट खाली पाडून करायची. आम्ही वर्षभर मायेनं रोज रात्री थोडी थोडी पकड घालवत होतो.

शिवाय तेल लावलेल्या कातडीवर पॅड चिकटत नाही. तेव्हा तेल बंद. हे सासूबाईंना सांगायचं काम ह्यांच्याकडे दिलं आणि मी कॉलच्या वेळी डोळे मिटून पडून राहिले.

सत्र कसं असतं ते सांगते. हात ओल्या कापसानं पुसायचा. पॅड लावायची, कडा बोटानं दाबून बघायच्या. भाजल्यावर मी या कडांच्या बाबतीत इतकी किरकिरी झाले आहे की फिजिओ मला इन्स्पेक्टर म्हणायची. झटके सेकंदाला पस्तीस. करंट शून्यातून एकदम वर नेत नाहीत, सेकंद-दीड सेकंदात चढवतात, नाहीतर हात दचकतो. अंगठ्याकडे मुंग्या येतात, मनगटाजवळ कुणी आतून चिमटा काढल्यासारखं होतं. करंगळीकडे काहीच कळत नाही. तिथं डोळ्यांनी बघायचं, कातडी लाल होतेय का ते. सत्र संपलं की परत बघायचं.

पण मुख्य भाग करंटचा नाहीच. “मी ‘घ्या’ म्हणेन,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही आधी जोर लावायचा. बोट हलो न हलो. मग मी बटण दाबणार. नुसतं मशीन हलवतंय आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय, हे मला चालणार नाही.” वरून येणारा अर्धामुर्धा हुकूम आणि खालून होणारी हालचाल एकाच क्षणी घडली तर उरलेल्या वाटा पक्क्या व्हायची शक्यता असते, असं त्यामागचं गणित. त्यामुळे तासाच्या शेवटी दमायचे ते खांदे आणि डोकं. बेरजा तपासून येतो तसला थकवा.

हातही लवकर दमायचा, आणि त्याचंही कारण आहे. मेंदू स्नायूतल्या धाग्यांना पाळीपाळीनं उठवतो. काही काम करतात, काही बसतात. करंट अख्खा वर्ग एकदम उभा करतो आणि उभाच ठेवतो. म्हणून सहा सेकंद चालू, बारा सेकंद बंद.

पहिले दोन आठवडे लाकडी ठोकळे, पेल्याएवढे डबे, प्लॅस्टिकची बाटली. ओटीवाल्या ताईंनी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, फिकट निळ्या पुट्टीचा, म्हणजे हाताच्या व्यायामाच्या मऊ लगद्याचा, गोळा दिला होता, दाबायला. त्याचा वास मला सहन होईना, म्हणून मावसबहिणीनं कणीक मळून पाठवली. कणीक मिटलेल्या मुठीतून बाहेर येते तेव्हा बोटांचे ठसे उमटतात. त्यावरून कुठल्या बोटानं काम केलं आणि कुठल्यानं टाळलं ते दिसायचं. अनामिका कामचुकार निघाली.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सत्र चालू असताना डोकं ठणकायला लागलं. साधं नाही, घण घातल्यासारखं. चेहऱ्यावर घाम, हातांवर काटा. फिजिओनं मशीन बंद केलं, मला होती त्याहून ताठ बसवलं, पाय खाली सोडले, पोटाचा पट्टा सैल केला आणि बीपी बघितलं. माझं नेहमीचं वरचं पंचाण्णवच्या आसपास असतं, तेव्हा एकशे अडुसष्ट. ती खाली वाकून खुर्ची चाचपत राहिली. लघवीच्या पिशवीची नळी गादीखाली दुमडली होती. नळी मोकळी केली, दहा मिनिटांत बीपी उतरलं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वरची दुखापत असली की असं होऊ शकतं. मूत्राशय तुंबतं, शरीर खालून बोंब मारतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि ‘शांत हो’ हा मेंदूचा निरोप खाली पोचत नाही. वेळेत कारण सापडलं नाही तर पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. यात मशीनचा दोष नव्हता, पण हात सुधारण्याच्या नादात नळी बघायची राहिली होती. तेव्हापासून पॅडच्या आधी नळी.

याच सुमारास आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी फिरत होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०२४ मध्ये एका यंत्राला मंजुरी दिली. ऑनवर्ड कंपनीचं आर्क-ईएक्स. मानेवर कातडीवरूनच करंट द्यायचा, चिरफाड नाही, आणि हाताची ताकद नि जाणीव सुधारते. खाली फुलं, हात जोडलेले, ‘आता ताई बरी होणार’. मी गणितवाली असल्यानं भाच्याला म्हटलं, फुलं राहू दे, मूळ अभ्यास पाठव. तो मे २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला होता. रात्री ह्यांनी पानं सरकवली, मी वाचलं.

वाचून दोन गोष्टी आवडल्या. एक म्हणजे त्यांनी सगळ्यांना आधी दोन महिने नुसता व्यायाम दिला आणि मग दोन महिने व्यायामासोबत करंट. म्हणजे व्यायामानं जे मिळणार ते आधी मिळवून झालं, वर जे आलं ते मोजलं. दुसरं, त्यांच्यात दुखापतीला चौतीस वर्षं झालेला माणूसही होता आणि त्यालाही फरक पडला. साठ जणांपैकी बहात्तर टक्क्यांना ताकद आणि वापर दोन्हींत ठरवलेल्या मापापेक्षा जास्त फायदा. साठातले बहात्तर टक्के म्हणजे त्रेचाळीस. ग्रुपवर सगळे त्रेचाळीसांबद्दल बोलत होते. मला राहून राहून ते सतरा जण दिसत होते. आणखी एक खोट अशी की तुलनेला वेगळा गट नव्हता, ज्याचा त्याच्याशीच हिशेब. चार महिने व्यायामच केला असता तर काय झालं असतं, हे त्यातून पुरतं कळत नाही. दहावीच्या मुलानं असा ताळा मांडला असता तर मी अर्धा गुण कापला असता. बाकी उत्तर बरोबर.

दुसऱ्या दिवशी फिजिओला विचारलं, आपलं यंत्र आणि ते यंत्र यात फरक काय? ती म्हणाली, “आपण थेट स्नायूच्या नसेला हलवतो. त्या यंत्राचा करंट बोटाला हलवायला जातच नाही. मानेच्या मागून मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदनांच्या मुळांना तो चेतवतो आणि मज्जारज्जूला जरा जागं ठेवतो. मग वरून येणारा तुमचा क्षीण हुकूमही खाली ऐकू जातो.” वर्गात गोंगाट असेल तर हळू बोलणाऱ्या मुलाचं उत्तर ऐकू येत नाही. इथं उलटं आहे, वर्ग झोपलेला आहे. त्या झटक्यांच्या पोटात सेकंदाला दहा हजारांची बारीक लहर भरलेली असते, त्यामुळे एवढा करंट कातडीला सोसवतो. आमच्या केंद्रात ते यंत्र नव्हतं. मी त्यावर अडून बसले नाही.

पण आमचे धाकटे दीर बसले. त्यांनी ऑनलाइन कंबरदुखीचं टेन्स मशीन मागवलं आणि थेट पुण्याला घेऊन आले. “वहिनी, करंट तो करंट. मानेवरच लावायचं ना?” एवढ्या लांबून आलेल्या माणसाला चहा पाजून नाही म्हणणं अवघड असतं. फिजिओनं त्यांना समोर बसवून सांगितलं, झटक्याची जात वेगळी, पॅडच्या जागा वेगळ्या, मानेच्या पुढच्या बाजूला तर रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा आहेत, आणि हिचं बीपी मागच्या आठवड्यात कुठं गेलं होतं ते ह्यांना विचारा. दिरांनी मशीन पिशवीत घातलं. आता ते त्यांच्या स्वतःच्या कंबरेला लावतात, आणि म्हणतात बरं वाटतं.

आता घासाचं.

हात मोजायच्या ज्या चाचण्या आहेत त्यांत बाटलीतून पाणी ओतायचं असतं, बरणीचं झाकण फिरवायचं, किल्ली लावायची, नाणी फटीत टाकायची, स्क्रूवर नट चढवायचे. चांगल्या चाचण्या आहेत, मी नावं ठेवत नाही. पण त्यांत घास नाही. जिथं चमच्यानं जेवतात तिथं तो लागतही नसावा. चमच्याचा इलाज माझ्याकडे होता, तळहाताला पट्टा बांधून त्यात चमचा खोचायचा. त्यानं पोहे, खिचडी जमायची. पण भाकरी चमच्यानं कशी खाणार? चुरून दुधात. मला तशी आवडत नाही, कधीच आवडली नाही.

मी ओटीवाल्या ताईंना म्हटलं, नाणी-बिणी राहू देत, मला भाकरी मोडायला शिकवा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “आपण ती मोडतो कशी?” आणि गंमत म्हणजे तिघींपैकी कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी ताईंनी डब्यातली पोळी काढली, मावसबहिणीनं दिलेली भाकरी मी काढली, आणि त्या दोघी टेबलावर हळू हळू घास तोडून बघायला लागल्या. पोळी ओढून तोडतात. करंगळी आणि अनामिका तिला ताटाशी दाबून धरतात, अंगठा नि तर्जनी चिमटीत धरून ओढतात. पाच बोटांना चार कामं. ताजी भाकरी मात्र मोडते. वरून अंगठा दाबायचा, खालून दोन बोटांनी किंचित उचलायचं, काठाशी पापुद्रा सुटलेला असतो तिथं कट्कन तुटते. ताकद कमी, नेम जास्त. ठरलं, आधी ज्वारीची भाकरी. पोळी बघू पुढं.

मशीनचा क्रम त्याप्रमाणे लावला. आधी बोटं उघडणारे स्नायू, मग मिटवणारे आणि अंगठा एकत्र. चौथ्या आठवड्यापासून रोज शेवटची वीस मिनिटं भाकरी. पहिल्या दिवशी भाकरीचा भुगा झाला. दुसऱ्या दिवशी भाकरी ताटाबाहेर. ताटाखाली ओलं फडकं ठेवल्यावर ताट सरकायचं थांबलं. मनगट वर ठेवून अंगठा दाबायचा, ही युक्ती अंगात भिनायला आठवडा गेला.

सत्ताविसाव्या सत्राला एक तुकडा सुटला. नखाएवढा नव्हे, चांगला घासाएवढा. झुणक्याला टेकवला, उचलला, कोपर वाकवून तोंडापर्यंत नेला. तोंडात घातला. आणि बोटं सुटेनात. सहा सेकंद पुरे व्हायचे होते! मी तीन बोटं तोंडात घालून बसलेली, फिजिओ हसत ‘सोडा, सोडा’ म्हणत बटण शोधतेय, ओटीवाल्या ताई पाठमोऱ्या होऊन हसताहेत. करंट उतरला तेव्हा बोटं सैल पडली आणि मी चावले. झुणका आळणी होता. मावसबहीण मीठ विसरली होती. मला तो घास तसाच आठवतो, आळणी.

भात अजून अवघड. भाताला कडा नसते. तो गोळा करावा लागतो, चार बोटांची खोळ करून, आणि तोंडाशी नेऊन अंगठ्यानं आत ढकलावा लागतो. त्यात माझ्या करंगळीला गरम कळत नाही. पहिल्या वेळी वाफाळत्या वरणभातात हात घातला आणि करंगळी लाल झाली तेव्हा मुलीनं ओरडून सांगितलं. आता आधी अंगठा लावून बघते. अंगठ्याला कळतं.

दर आठवड्याला करंट थोडा थोडा उतरवला. बावीस मिलिअँपिअरवरून चौदावर. शेवटच्या आठवड्यात पहिले सात-आठ घास मशीन बंद ठेवून व्हायचे, मग हात दमायचा. चाळीस तासांनंतरचे आकडे असे: मिनिटभरात खोक्याच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात टाकलेले ठोकळे, उजवा हात नऊवरून सतरा, डावा चारवरून सहा. अंगठा आणि तर्जनीची बाजूची चिमूट चारशे ग्रॅमवरून एक किलो शंभर ग्रॅम. धडधाकट बाईची याच्या काही पट असते. डावा अंगठा शून्यावरून शून्य. पोळी अजून तुटत नाही. खडू धरता येतो, पण फळ्यावर दाबला की निसटतो. म्हणून शाळेत मी आता टॅबवर लिहिते आणि ते पडद्यावर दिसतं. मुलांना तेच जास्त आवडतं, याचा मला जरा रागच आहे.

घरी दोन चॅनलचं मशीन घेतलं, नऊ हजारांना. रोज संध्याकाळी अर्धा तास. पॅड हे लावतात, कडा मी तपासते. पंचवीस-तीस वेळा वापरलं की पॅडचा चिकटपणा जातो. हे म्हणतात अजून दोन दिवस चालेल, मी म्हणते नाही चालणार. करंट न घेता आठवडा गेला तर हात थोडा मागे जातो, पूर्ण नाही. यंदा दिवाळीत पाच दिवस चुकले, आणि पाडव्याला ठोकळे पंधरावर.

त्याच पाडव्याला आत्तेसासूबाई आल्या होत्या. शेजारी बसल्या, माझा हात मांडीवर घेतला, आणि “काय गं ही बोटं अशी वळलीत” म्हणत मनगट मागे घेऊन एकेक बोट सरळ करायला लागल्या. मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून सासूबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या.

“सोडा वन्सं तिला,” त्या म्हणाल्या. “ती वाकडीच पाहिजेत. भाकरी मोडती त्यानं.”